मोटरसायकलवर नॅव्हिगेटर: बॅटरीपासून हँडलपर्यंतच्या वायरिंगच्या नोंदी

७ ऑक्टोबर: आधी मोजणी

ठरवलेलं काम असं: हँडलवर नॅव्हिगेटर बसवायचा आणि त्याला गाडीच्या बॅटरीवरून वीज द्यायची. अटी दोन. किल्ली बंद केली की वीज तुटली पाहिजे, आणि गाडीच्या मूळ वायरिंगमधली एकही वायर कापायची नाही.

नॅव्हिगेटर कारमध्ये वापरलेला आहे, मिनी यूएसबी सॉकेटचा. त्याची आतली बॅटरी सावलीत ठीक चालते, पण भर उन्हात नकाशा दिसावा म्हणून स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवला की दोन-अडीच तासांत संपते. फोन लावला असता तर यातला बराच खटाटोप टळला असता. पण मोठ्या इंजिनांच्या मोटरसायकलींची थरथर फोनच्या कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची यंत्रणा बिघडवू शकते, असा इशारा अ‍ॅपलने २०२१ मध्ये स्वतःच दिला होता. शिवाय जुन्या नॅव्हिगेटरची स्क्रीन दाबाने चालते, त्यामुळे जाड हातमोजे घालूनही वापरता येते. पावसात याची किंमत कळते.

बॅटरी १२ व्होल्ट, ९ अँपिअर-अवरची, सीटखाली. पाना हातात घेण्याआधी मल्टिमीटरने बॅटरीवरचे आकडे घेतले. रात्रभर उभ्या गाडीत १२.७ व्होल्ट. किल्ली चालू आणि हेडलाइट पेटलेला असताना १२.२. सेल्फ मारताना आकडा क्षणभर १० च्या खाली गेला. इंजिन ४,००० आरपीएमला असताना १४.२. म्हणजे बॅटरीवर १२ लिहिलेलं असलं तरी पुढच्या यंत्राला साडेनऊपासून सव्वाचौदापर्यंत काहीही मिळणार. हे सगळं झेलून पुढे स्थिर ५ व्होल्ट देणारा कन्व्हर्टर लागतो. माझ्याकडच्या कन्व्हर्टरवर ८ ते ३२ व्होल्ट इनपुट छापलेलं आहे, तेवढं पुरे.

नॅव्हिगेटर किती करंट ओढतो तेही यूएसबी मीटर लावून पाहिलं. बॅटरी पूर्ण भरलेली आणि उजेड पूर्ण असताना ०.४५ अँपिअर. बॅटरी रिकामी असून चार्जिंगही चालू असताना ०.९५. पाच व्होल्टला ०.९५ म्हणजे पावणेपाच वॅट. कन्व्हर्टरमधली तूट धरली तरी बॅटरीवर अर्ध्या अँपिअरपेक्षा कमीच भार. वायर ०.७५ स्क्वेअर एमएमची, फ्यूज २ अँपिअरचा, असं ठरवून टाकलं. एवढ्या करंटला याहून बारीक वायरही चालली असती, ०.७५ घेतली ती थिंबलमध्ये (वायरच्या टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या टोकात) नीट आवळली जाते आणि हाताळताना तुटत नाही म्हणून.

८ ऑक्टोबर: किल्लीबरोबर चालू होणारी वायर शोधणे

सीट आणि साइड कव्हर काढलं, टाकी मागून उचलून खाली लाकडाचा तुकडा लावला. बॅटरी सोडवताना आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. निगेटिव्ह जोडलेलं असताना पॉझिटिव्हच्या बोल्टवरचा पाना चेसीला टेकला तर थेट शॉर्ट होतो. जोडताना क्रम उलटा.

किल्लीबरोबर जिवंत होणारी वायर निवडण्यात बराच वेळ गेला, आणि तो वाया गेला असं मला वाटत नाही. पहिला विचार हेडलाइटचा होता, कारण नॅव्हिगेटर त्याच्या अगदी वर बसणार. पण मीटर लावून सेल्फ मारला तर तेवढ्या वेळापुरती हेडलाइटची वीज शून्यावर जाते. सेल्फला पूर्ण ताकद मिळावी म्हणून गाडीच तिथली वीज तोडते. तिथून वीज घेतली असती तर प्रत्येक स्टार्टला नॅव्हिगेटरने ‘बाह्य वीज गेली, बंद होत आहे’ असं म्हणायला सुरुवात केली असती.

याच दिवशी एका मित्राची १०० सीसीची जुनी गाडीही तपासली, त्यालाही हेच काम करायचं आहे. त्याच्या हेडलाइटच्या वायरवर डीसी रेंजला मीटर ठरेना, आकडे उड्या मारत होते. एसी रेंजला लावल्यावर रेस देताच व्होल्टेज वाढताना स्पष्ट दिसलं. त्या गाडीचा हेडलाइट बॅटरीवर नाहीच, थेट मॅग्नेटच्या, म्हणजे इंजिनबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या भागाच्या, एसीवर आहे. जुन्या आणि छोट्या गाड्यांत ही रचना सर्रास असते. डीसीचा कन्व्हर्टर अशा वायरला जोडला तर तो जळू शकतो. दिवा पेटतो एवढ्यावरून वायर योग्य मानू नका. मीटर दोन्ही रेंजला लावून बघा, आणि इंजिन चालू ठेवून बघा.

शेवटी हॉर्नची वायर निवडली. माझ्या गाडीत, आणि इतरही बऱ्याच गाड्यांत, किल्ली फिरवली की हॉर्नच्या एका पिनेवर १२ व्होल्ट सतत उभे असतात; बटण दाबल्यावर दुसरी पिन अर्थ होते आणि हॉर्न वाजतो. सेल्फ मारतानाही तिथली वीज जात नाही, फक्त बॅटरीबरोबर खाली उतरते.

इथे कुणीही विचारेल की अर्धा अँपिअर हॉर्नच्या वायरवरून थेटच घ्यावा, मधे रिले (छोट्या करंटने चालू-बंद होणारा विजेचा स्विच) कशाला? करंटच्या हिशोबाने रिलेची गरज नाही, हे खरं. माझं कारण वेगळं आहे. हॉर्न, ब्रेकलाइट आणि इंडिकेटर एकाच फ्यूजवर आहेत. हँडलजवळ माझी वायर घासून कुठे शॉर्ट झाली तर तो फ्यूज उडणार आणि ब्रेकलाइट जाणार, तेही चालत्या गाडीत, मला न कळता. रिले लावला की हॉर्नच्या वायरवर फक्त रिलेच्या कॉइलचा भार येतो, सुमारे ०.१५ अँपिअर. नॅव्हिगेटरची वीज बॅटरीवरून स्वतःच्या वेगळ्या फ्यूजमधून जाते. तिकडे काही झालं तर फक्त नॅव्हिगेटर बंद पडतो.

१० ऑक्टोबर: फ्यूज, रिले, थिंबल

आजची जोडणी अशी. बॅटरी पॉझिटिव्ह, तिथून वीतभर अंतरात फ्यूज, पुढे रिलेची ३० नंबरची पिन. ८७ वरून कन्व्हर्टरकडे. ८६ ला हॉर्नकडून आलेली वायर, ८५ अर्थला. रिले आत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असलेला घेतला, कारण कॉइल बंद होताना उलट झटका येतो आणि डायोड तो जिरवतो. असा रिले असेल तर ८६ पॉझिटिव्ह आणि ८५ निगेटिव्ह हे पाळावंच लागतं. उलट जोडला तर डायोडमधूनच शॉर्ट होतो.

फ्यूज बॅटरीच्या जवळ हवा, यावर तडजोड नको. फ्यूज वायरचं रक्षण करतो, आणि तेही फक्त त्याच्या पुढच्या वायरचं. हँडलजवळ फ्यूज लावून मागे मीटरभर वायर उघडी सोडलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. ती मधली वायर टाकीखाली सोलली गेली तर बॅटरी तिच्यात शंभराहून जास्त अँपिअर ओतू शकते, आणि वर पेट्रोलची टाकी आहे.

हॉर्नची वायर न कापता जोड घेण्यासाठी पिगीबॅक थिंबल वापरला. हॉर्नच्या पिनेवर तो बसतो, हॉर्नची मूळ थिंबल त्याच्या पाठीवर बसते आणि माझी वायर बाजूने निघते. उद्या काढून टाकला तर गाडी होती तशी. वायरवर दाबून बसवायच्या प्लास्टिकच्या क्लिप मी मुद्दाम टाळल्या. त्यांचं पातं वायरच्या काही तारा कापतं, आतून पाणी शिरतं आणि वर्षभराने तांबं हिरवं पडतं.

जोडाला कथलाचा डाग देऊ (सोल्डर करू) की थिंबल आवळू (पंच करू), यावर ऑटो इलेक्ट्रिशियन काकांशी बोलणं झालं. ते म्हणाले, “टीव्हीला डाग दे, गाडीला पंच मार.” कारण साधं आहे. कथील वायरच्या तारांमध्ये वर चढतं आणि तिथला भाग कडक होतो. गाडीच्या थरथरीने वायर बरोबर त्या कडक-मऊच्या सीमेवर तुटते, आणि वरचं आवरण शाबूत असल्याने तुटलेली दिसत नाही. म्हणून सगळे जोड थिंबल पंच करून, वर आतून गोंद असलेली स्लीव्ह आकसवून. प्रत्येक जोड हाताने जोर लावून ओढून पाहिला. दोन जोड सुटून हातात आले, कारण ती थिंबल जाड वायरची होती. योग्य मापाची लावल्यावर टिकली. पक्कडीने चेपलेली थिंबल दिसायला ठीक असते, पण या ओढण्याच्या परीक्षेत टिकत नाही. पंचिंगचं हत्यार उसनं मिळत असेल तर जरूर आणा.

११ ऑक्टोबर: लांब यूएसबी वायर फसली

पाणी लागू नये म्हणून कन्व्हर्टर सीटखाली ठेवला आणि तिथून दोन मीटरची यूएसबी वायर टाकीखालून हँडलपर्यंत आणली. संध्याकाळी चाचणी घेतली. नॅव्हिगेटर चार्जिंगची खूण दाखवतो, घालवतो, पुन्हा दाखवतो. उजेड पूर्ण केला की बॅटरीची टक्केवारी चक्क उतरायला लागते.

कन्व्हर्टरवर मोजलं तर ५.०८ व्होल्ट. इथे कन्व्हर्टरला चांगला म्हणून सोडून दिलं असतं आणि नॅव्हिगेटरवर संशय घेत बसलो असतो. पण नॅव्हिगेटर चालू ठेवून, वायरच्या दुसऱ्या टोकाला मोजलं तर ४.२. पाऊण व्होल्टपेक्षा जास्त वायरीतच हरवत होतं.

हिशोबही जुळतो. साध्या यूएसबी वायरीतली वीजवाहक तार साधारण ०.०८ स्क्वेअर एमएमची असते. तिचा रोध मीटरला ०.२१ ओहमच्या आसपास. जाऊन-येऊन चार मीटर म्हणजे ०.८५ ओहम. ०.९५ अँपिअरला तूट ०.८ व्होल्ट. बारा व्होल्टात एवढी तूट पचली असती, पाच व्होल्टात ती सहावा हिस्सा होते. म्हणून लांबचा प्रवास १२ व्होल्टाने करायचा आणि ५ व्होल्टाची वायर जितकी आखूड ठेवता येईल तितकी ठेवायची. कन्व्हर्टर पुढे, हेडलाइटच्या डूममध्ये (दिव्यामागच्या पोकळ खोक्यात) हलवायचं ठरलं. सीटखालची मांडणी उचकटून पुन्हा टाकी काढणं आलं.

आणि एक: भार नसताना मोजाल तर दोन्ही टोकांना ५.०८ च दिसतं. करंट वाहत असेल तरच तूट दिसते. या कामात पुढे जे काही सापडलं ते याच रीतीने सापडलं: यंत्र चालू ठेवून, यंत्राच्या टोकाला मोजून.

१२ ऑक्टोबर: वायर पुढे नेणे

पॉझिटिव्ह वायर गाडीच्या मूळ हार्नेसच्या, म्हणजे वायरींच्या जुडग्याच्या, सोबतीने नेली. हार्नेस जिथून जातो ती वाट इंजिनच्या उष्णतेपासून आणि हलत्या भागांपासून लांब असते; ती कंपनीने विचार करून ठरवलेली आहे, आपण नवी शोधायची गरज नाही. अ‍ॅक्सिलरेटर आणि क्लचच्या केबलला वायर बांधायची नाही. हँडलच्या मानेपाशी सैल वळण सोडलं. हँडल डावीकडे लॉक, उजवीकडे लॉक, दोन्हीकडे वायर ताणली जात नाही हे बघितलं. टाकी बसवल्यावर पुन्हा बघितलं, कारण टाकी बसली की जागा बदलते.

निगेटिव्हसाठी डूममध्येच, फोर्कच्या वरच्या क्लॅम्पवर एक रिकामा बोल्ट मिळाला. सोयीचा वाटला म्हणून अर्थ तिथे घेतला.

१४ ऑक्टोबर: नकाशाऐवजी कॉम्प्युटरचं चित्र

वीज आता भरपूर, टोकाला ४.९८ व्होल्ट. पण वायर लावली की नॅव्हिगेटर नकाशा बंद करून स्क्रीनवर कॉम्प्युटरचं चित्र दाखवतो. त्याला वाटतं की आपल्याला नकाशे भरण्यासाठी कॉम्प्युटरला जोडलं आहे.

मिनी यूएसबीच्या प्लगमध्ये पाच पिना असतात आणि साध्या वायरीत चौथी पिन मोकळी असते. अशा नॅव्हिगेटरांपैकी बरेच या चौथ्या पिनेकडे बघून ठरवतात की पलीकडे कॉम्प्युटर आहे की कारचा चार्जर. कारच्या मूळ वायरीत, प्लगच्या आतच, चौथी पिन आणि अर्थ यांच्यामध्ये एक रेझिस्टर असतो. तो दिसला की यंत्र नकाशा चालू ठेवतं. बाहेरून दोन्ही वायरी एकसारख्या दिसतात.

उपाय: नॅव्हिगेटरसोबत आलेली कारची वायर काढली. कापण्याआधी तिच्या टोकाला मोजलं. ५.१ व्होल्ट आले, म्हणजे १२ चं ५ करणारं सर्किट सिगारेट लायटरच्या प्लगमध्येच आहे आणि वायरीतून ५ व्होल्टच धावतात. हे मोजल्याशिवाय कापू नका. काही यंत्रांच्या वायरीतून १२ व्होल्ट जातात. नॅव्हिगेटरकडचा हातभर तुकडा कापून कन्व्हर्टरच्या लाल-काळ्याला जोडला. नकाशा चालू राहिला, चार्जिंगही चालू. लायटरचा प्लग टाकून दिला नाही, आणि पुढे तो कामी आला.

फोन लावणाऱ्यांसाठी: तिथे अशीच भानगड दोन डेटा वायरींची असते. चार्जरमध्ये त्या एकमेकींना जोडलेल्या असतील तर फोन १.५ अँपिअरपर्यंत घेतो. मोकळ्या असतील तर बरेच फोन अर्ध्या अँपिअरवर अडतात, आणि नकाशा चालू असताना बॅटरी उतरत राहते.

१८ ऑक्टोबर: उपग्रह हरवले

पहिली लांब फेरी. बाण शेजारच्या समांतर रस्त्यावर जाऊन बसतो, वळण मागे पडल्यावर ‘वळा’ अशी सूचना येते, मधेच ‘सिग्नल नाही’. कारमध्ये हेच यंत्र कधी असं वागलं नव्हतं.

आधी वाटलं स्पार्क प्लगचा त्रास असेल. इंजिन बंद करून, किल्ली फक्त चालू ठेवून उपग्रहांचं पान उघडलं. पट्ट्या खुजाच. मग नॅव्हिगेटरची वायर उपसली. काही सेकंदांत पट्ट्या उंच झाल्या. वायर लावली, पुन्हा खाली. इंजिनाचा संबंधच नाही, कन्व्हर्टर दोषी. फोनवर सिग्नलचे आकडे दाखवणारं अ‍ॅप उघडून फोन डूमजवळ धरला. किल्ली बंद असताना बहुतेक उपग्रह ४० डेसिबल-हर्ट्‌झच्या आसपास, चालू केली की ३० च्या जवळ (आकडा जितका मोठा तितका सिग्नल स्वच्छ).

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत आणि त्यांचा सिग्नल जमिनीवर पोहोचतो तेव्हा उणे १३० डीबीएमच्या जवळ असतो. म्हणजे वॅटच्या एक कोटीव्या भागाचा शंभर कोटीवा भाग. स्वस्त कन्व्हर्टर सेकंदाला लाखो वेळा करंट चालू-बंद करतो आणि त्या प्रत्येक झटक्यातून रेडिओ गोंगाट फार वरच्या फ्रिक्वेन्सीपर्यंत पसरतो. जीपीएसच्या १५७५.४२ मेगाहर्ट्‌झपाशी त्यातला अगदी कणभर पोहोचला तरी सिग्नल बुडतो. आणि मी तो कन्व्हर्टर अँटेनापासून वीतभर अंतरावर ठेवलेला.

दुपारभर प्रयोग केले. वायरीवर फेराइटची क्लिप लावली, एक-दोन डेसिबल सुधारणा झाली. लाल-काळ्या वायरी एकमेकींना पीळ देऊन बांधल्या, फरक जवळजवळ नाही. कन्व्हर्टर खाली, फोर्कच्या खालच्या क्लॅम्पपर्यंत नेला, बराच फरक पडला. पण तिथे चिखल-पाण्याचा मारा होतो आणि ५ व्होल्टाची वायर परत लांबते. अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळूनही पाहिला. गोंगाट वायरींमधूनही बाहेर पडत असल्याने त्याचा उपयोग झाला नाही, आणि फॉइलने शॉर्ट होण्याची भीती वाढली.

१९ ऑक्टोबर: लायटरच्या प्लगमधलं सर्किट

रात्री डोक्यात आलं की ज्याने नॅव्हिगेटर बनवला त्याने कारचा चार्जरही त्याच्या अगदी जवळ बसणार हे धरून बनवला असणार. सकाळी लायटरचा प्लग उघडला. आतल्या पट्टीवर इनपुटला आणि आउटपुटला दोन्हीकडे फिल्टरच्या कॉइल आणि कपॅसिटर दिसले. माझ्या कन्व्हर्टरमध्ये यातलं काहीच नव्हतं. तात्पुरत्या वायरी जोडून तीच पट्टी डूमच्या तोंडाशी धरली आणि फोनवरचे आकडे बघितले. ४० चे ३९. एवढ्यावर थांबलो.

ती पट्टी छोट्या धातूच्या डबीत बसवली, खाली इन्सुलेशनचा कागद, आणि डबी सिलिकॉनने भरली. सिलिकॉन बघून घ्या. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते सुकताना आम्ल सोडतं आणि तांब्याचे जोड खातं. ‘न्यूट्रल’ प्रकारचं घ्यायचं. ते मिळवायला वेळ लागला, पण आंबट वासाचं हाताशी असूनही ते वापरलं नाही याचं समाधान आहे.

आणखी एक शंका होती. ही पट्टी कारसाठीची, सेल्फ मारताना व्होल्टेज १० च्या खाली गेल्यावर ती टिकेल का? मोजलं तर क्षणभर आउटपुट पडतं, पण नॅव्हिगेटरची आतली बॅटरी तेवढा वेळ सांभाळते. ज्यांच्या यंत्रात आतली बॅटरी नाही किंवा मेली आहे, त्यांनी मात्र सेल्फच्या वेळचं व्होल्टेज तपासून कन्व्हर्टर निवडावा.

विकत आणलेला कन्व्हर्टर आता पडून आहे. त्याचे पैसे गेले.

२१ ऑक्टोबर: डावीकडे वळलं की यंत्र बीप करतं

आज नवीनच लक्षण. गाडी जागेवर यू-टर्न घेताना, हँडल पूर्ण डावीकडे गेलं की नॅव्हिगेटर बीप करून ‘बाह्य वीज गेली’ म्हणतो. वायर ताणली जात असेल म्हणून टाकी पुन्हा उचलली. वायर छान सैल. थिंबल ओढून पाहिली, सगळी पक्की.

काकांना फोन लावला. ऐकून घेतल्यावर एवढंच म्हणाले, “अर्थ कुठं घेतलीस ते आधी बघ.”

बॅटरीचा निगेटिव्ह आणि डबीची काळी वायर यांच्यामध्ये मीटर लावला, यंत्र चालू. हँडल सरळ असताना ०.१ व्होल्ट. डावीकडे नेताना ०.४, मग १ च्या वर उडी. फोर्कच्या क्लॅम्पवर घेतलेली अर्थ चेसीपर्यंत पोहोचते ती हँडलच्या मानेतल्या बेअरिंगमधून. तिथे ग्रीस आहे, गोळ्या आहेत, आणि हँडल फिरलं की संपर्काची जागा बदलते. करंट कमी असला तरी तो बेअरिंगमधून नेणं बेअरिंगलाही चांगलं नाही.

दुसरी ०.७५ ची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट डबीपर्यंत ओढली. दोन्ही बाजूंची मिळून वायर तीन मीटर, तिचा रोध ०.०७५ ओहमच्या आसपास, अर्ध्या अँपिअरला तूट ०.०४ व्होल्टही नाही. हँडल कुठेही फिरवा, आकडा हलत नाही. पॉझिटिव्ह नेली त्याच दिवशी काळी वायर सोबत नेली असती तर टाकी परत उचलावी लागली नसती. तुम्ही दोन्ही एकाच स्लीव्हमधून न्या.

२६ ऑक्टोबर: बंद गाडीत किती गळते

बॅटरीचा निगेटिव्ह काढून मीटर मिलिअँपिअर रेंजला मालिकेत लावला. किल्ली बंद असताना १.५ मिलिअँपिअर, ते गाडीच्या घड्याळाचे. माझी जोडणी फ्यूज काढून वेगळी केली तरी १.५ च. रिले आपलं काम करतोय.

तुलनेसाठी पडून असलेला कन्व्हर्टर थेट बॅटरीला लावला, पुढे काहीही न जोडता. नुसत्या निळ्या एलईडीसकट तो १४ मिलिअँपिअर खातो. दिवसाला ०.३४ अँपिअर-अवर. माझी बॅटरी दोन आठवड्यांच्या आत अर्ध्यावर आली असती. ‘काहीच लावलेलं नसतं, तरी बॅटरी उतरते’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांनी हँडलवरचं यूएसबी सॉकेट आधी तपासावं.

मीटर असा मालिकेत असताना चुकूनही सेल्फ मारू नका. मीटरचा फ्यूज जातो, आणि फ्यूज नसलेल्या स्वस्त मीटरचं तर सगळंच जातं. मापन चालू असताना किल्ली खिशात ठेवा.

३ नोव्हेंबर: पाऊस, थरथर, ऊन

तीन वेगवेगळ्या गोष्टी, एकाच आठवड्यात.

नॅव्हिगेटर कारचा असल्याने त्याला पाण्यापासून संरक्षण नाही. तो पारदर्शक तोंडाच्या जलरोधक पाउचमध्ये आहे, वायर खालून बाहेर पडते. पावसात पाणी वायरीवरून वाहत पाउचच्या झिपपर्यंत पोहोचत होतं. वायरीला पाउचच्या खाली एक झोळ दिला, आता थेंब झोळाच्या तळाशी गळून पडतो. डूममधल्या कप्लरचं तोंडही वरून फिरवून खाली केलं.

थरथरीने प्लग सॉकेटमध्ये हलायचा आणि वीज क्षणाक्षणाला तुटायची. वायर हँडलला बांधली होती आणि यंत्र माउंटवर वेगळं हलत होतं, म्हणून प्रत्येक खड्ड्याचा हिसका प्लगवर यायचा. वायर हँडलवरून सोडवून माउंटच्या दांड्यालाच बांधली. प्लग, वायर आणि यंत्र आता एकत्र हलतात. बीप बंद झाली. एका झिप टायची जागा बदलून मिळालेला हा फरक मला सगळ्यात मोठा वाटला.

उन्हात मात्र चार्जिंग थांबतं आणि स्क्रीनवर तापमानाची सूचना येते. हेही वायरिंगचं दुखणं वाटलं, म्हणून टोकाला मोजलं. ४.९६ व्होल्ट, स्थिर. वायरिंग ठीक. लिथियमची बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते, आणि बंद पाउचमध्ये उन्हात तेवढं तापमान सहज होतं. यंत्र स्वतःला वाचवतंय. पाउचच्या पाठीमागून खालच्या बाजूला हवेसाठी दोन फटी ठेवल्या आणि स्क्रीनचा उजेड ८० टक्क्यांवर आणला. यंत्र चालायला वीज मिळतच असते, त्यामुळे चार्जिंग थांबलं तरी नकाशा जात नाही.

१७ नोव्हेंबर: टाकी उचलून तपासणी

सगळं पुन्हा उघडून बघितलं. फ्यूज शाबूत, रिलेच्या पिना स्वच्छ, सगळी थिंबल ओढून पाहिली. एक जागा सापडली: मानेपाशी एका झिप टायची कापलेली धारदार शेपटी वायरीवर घासत होती आणि बाहेरच्या स्लीव्हवर पांढरा ओरखडा पडला होता. आतली वायर बचावली. तिथले टाय काढून कापडी वेल्क्रो लावलं आणि बाकीच्या सगळ्या टायच्या शेपट्या सपाट कापल्या.

बॅटरीच्या निगेटिव्हचा बोल्ट किंचित सैल झाला होता. मूळ थिंबलच्या वर माझी थिंबल आल्याने बोल्टाचे आटे कमी पडत होते. थोडा लांब बोल्ट टाकला.

टोकाचा आजचा आकडा, इंजिन चालू, हेडलाइट चालू, उजेड ८० टक्के: ४.९७ व्होल्ट. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये उपग्रह ३८ ते ४२.

दोन जादा २ अँपिअरचे फ्यूज फ्यूजहोल्डरलाच बांधून ठेवलेत. रिलेच्या चारही वायरींवर नंबरांच्या चिठ्ठ्या लावल्या आणि जोडणीचं चित्र प्लास्टिकमध्ये घालून सीटखाली ठेवलं. पुढे सर्व्हिसिंगला गाडी दुसऱ्या कुणाच्या हातात गेली तर त्याला ही वायर कसली म्हणून कापावी लागू नये. मित्राच्या एसी हेडलाइटच्या गाडीचं काम पुढच्या आठवड्यात घेतोय. तिथेही वीज बॅटरीवरूनच घ्यायची आहे, पण त्याच्या हॉर्नच्या पिनेवर किल्लीबरोबर १२ व्होल्ट येत नाहीत, त्यामुळे ट्रिगरसाठी ब्रेकलाइटच्या स्विचची इनपुट वायर तपासून बघणार आहे.